आधी रुग्ण, मग प्लेट

प्रिय,

तुझ्या प्रोजेक्टचा आराखडा वाचला. कृत्रिम कॅनाबिनॉइड, म्हणजे गांजासारखी नशा देणारी प्रयोगशाळेत बनवलेली रसायनं, मूत्रपिंडाच्या पेशींचं काय करतात हे तपासायचं ठरवलंस, याचा मला फार आनंद झाला. पण पहिल्याच ओळीत एमटीटीची, म्हणजे पेशींच्या रंगचाचणीची, प्लेट आहे आणि रुग्ण कुठेच नाही. सुरुवात त्याच्यापासून कर.

२०१२ साली अमेरिकेतल्या सहा राज्यांत मिळून १६ जण, बहुतेक उलट्या आणि पोटदुखी घेऊन, रुग्णालयात आले. सगळ्यांत लहान १५ वर्षांचा, मोठ्यात मोठा ३३ चा. सगळ्यांनी कृत्रिम कॅनाबिनॉइड ओढली होती. पाच जणांना डायलिसिसवर ठेवावं लागलं. कुणी दगावलं नाही हे नशीब. ज्यांची बायोप्सी झाली त्यांतल्या बहुतेकांच्या मूत्रनलिकांना इजा झालेली दिसली आणि काहींच्या नमुन्यांत एक्सएलआर-११ हे कृत्रिम कॅनाबिनॉइड सापडलं. तुझ्या एचके-२ पेशी, प्रयोगशाळेत वाढवलेल्या, माणसाच्या त्याच नलिकांच्या आहेत. त्या का घेतल्या, याचं उत्तर हे आहे. ते आराखड्यात लिही.

पुढे पोर्तुगालमधल्या पोर्तोच्या संशोधकांनी याच पेशींवर एक्सएलआर-११ तपासलं. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाच्या पडद्यावरचा विद्युतदाब बदलला, पेशी मारणारं कॅस्पेस-३ हे एन्झाइम सक्रिय झालं, पेशी अपॉप्टोसिसकडे, म्हणजे ठरवून होणाऱ्या मृत्यूकडे, वळल्या. आता विचार कर: एमटीटी पेशीचा मृत्यू मोजत नाही, तिचा चयापचय मोजते; तो जितका जास्त, तितका रंग गडद. मायटोकॉन्ड्रियाच बिथरलेले असताना रंग गडद आला, तर तू पेशी ठणठणीत आहेत असं लिहून मोकळा होशील. पडदा फाटल्यावर पेशीतून बाहेर गळणाऱ्या एलडीएच या एन्झाइमच्या मोजणीवरही विसंबू नकोस. अपॉप्टोसिसमध्ये बाहेरचा पडदा बराच वेळ शाबूत राहतो. कॅस्पेस आणि मायटोकॉन्ड्रियाचं रीडिंग घ्यायलाच हवं, आणि तेही वेगवेगळ्या तासांना.

मात्रेबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. तू १०० मायक्रोमोलरपासून सुरू केलं आहेस. रक्तात ही द्रव्यं बहुधा नॅनोमोलरमध्ये, म्हणजे मायक्रोमोलरच्या हजाराव्या भागांत, असतात. एवढ्या मात्रेला पेशी मेल्या तर त्यावरून त्या रुग्णांबद्दल काहीच कळत नाही. खालून वर ये. शिवाय हे रेणू चरबीत विरघळणारे. पेशींच्या माध्यमात घातलेल्या सीरममधल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला आणि प्लेटच्या प्लास्टिकलाही चिकटतात. म्हणून माध्यमात सीरम किती टक्के, हे प्रत्येक तक्त्यात हवं. डीएमएसओ या द्रावकाचा, औषध न घातलेला कंट्रोल वेगळा ठेव. सीबी१ आणि सीबी२ (कॅनाबिनॉइड ज्यांना चिकटतात ते पेशीवरचे रिसेप्टर) अडवणारी द्रव्यंही वापर, म्हणजे इजा रिसेप्टरमार्गे होते की परस्पर, हे कळेल.

आणखी एक गोष्ट सहसा राहून जाते. माणूस शुद्ध पावडर तशीच घेत नाही, ती जाळून ओढतो. तापवल्यावर एक्सएलआर-११ च्या रेणूतलं तीन कार्बनचं कडं उघडतं आणि जे तयार होतं ते सीबी१ वर मूळ द्रव्यापेक्षा जास्त जोरकस असतं. पेशींना तेही द्यायला हवं, नाहीतर रुग्णाच्या फुप्फुसात जे गेलं ते आपण तपासलंच नाही.

मात्रांचा नवा तक्ता रविवारपर्यंत पाठव. तो पटला की कॅस्पेसचं किट मागवू.

तुझे,
सर