जे पोहोचलेच नाहीत, तेही मोज

प्रिय,

थिसिससाठी ‘मोठ्या रक्तस्रावात प्लाझ्मा आणि लाल पेशींचं प्रमाण’ हा विषय घ्यावा का, आणि रेसिडेन्सीच्या तीन वर्षांत युद्धजखमांवर हात कसा बसवावा, असे दोन प्रश्न तू विचारलेस. दोन्हींची मुळं एकाच ठिकाणी आहेत, म्हणून उत्तरही एकत्रच देतो.

आधी विषय. 2007 साली इराकमधल्या अमेरिकी लष्करी रुग्णालयातल्या 246 जखमींवरचा निबंध आला, तो तू वाचला असशीलच. प्लाझ्माच्या एका पिशवीमागे लाल पेशींच्या आठ पिशव्या मिळाल्या त्या गटात 65 टक्के दगावले, मधल्या गटात 34, आणि जवळजवळ बरोबरीनं मिळाल्या त्यांच्यात 19. आकडे पाहून कुणीही भारावेल. पण आता घड्याळ लाव. लाल पेशींची पिशवी फ्रिजमधून काढली की लावता येते. प्लाझ्मा गोठलेला असतो, तो 37 अंशांच्या पाण्यात वितळायला वीस ते तीस मिनिटं जातात. जो जवान पहिल्या अर्ध्या तासात गेला, त्याच्यापर्यंत प्लाझ्मा पोहोचलाच नाही, आणि मोजणीत तो ‘कमी प्लाझ्मा’च्या रकान्यात पडला. प्लाझ्मा मिळाला म्हणून माणूस जगला, की जगला म्हणून प्लाझ्मा मिळाला, हे त्या आकड्यांतून सुटं करता येत नाही. पुढे 2015 मध्ये 680 जखमींवर चिठ्ठ्या टाकून गट पाडलेली चाचणी झाली. 30 दिवसांतले मृत्यू बरोबरीनं प्लाझ्मा मिळालेल्यांत 22.4 आणि कमी मिळालेल्यांत 26.1 टक्के निघाले आणि तो फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर उतरला नाही. पहिल्या 24 तासांत रक्तस्रावानं झालेले मृत्यू मात्र खरोखर कमी होते, 9.2 विरुद्ध 14.6. प्लाझ्मा लवकर द्यावा हे त्यामुळे कायम राहिलं, पण परिणाम 65 आणि 19 मधल्या दरीएवढा नाही. जुन्या केसशीट चाळून चाळीस रुग्णांवर तू हाच अभ्यास केलास, तर तीच चूक लहान प्रमाणात पुन्हा होईल. हा विषय सोड.

रुग्णालयात बसून संशोधन करणाऱ्याला फक्त दारापर्यंत आलेले दिसतात. याचा हिशेब एकदा कागदावर करून बघ. समज, 100 गंभीर जखमी आहेत. 20 जण वाटेतच गेले, 80 पोहोचले, त्यांतले 4 दगावले. रुग्णालयाचा मृत्युदर 5 टक्के. पुढच्या वर्षी हेलिकॉप्टर लवकर येऊ लागलं. आता वाटेत 12 जातात, 88 पोहोचतात, पण नव्यानं पोहोचलेले आठ अगदी शेवटच्या घटका मोजत आलेले असतात, त्यांतले 5 जातात. रुग्णालयाचा दर 10 टक्क्यांवर गेला, म्हणजे कागदावर शल्यचिकित्सक बिघडले, आणि प्रत्यक्षात एकूण मृत्यू 24 वरून 21 वर आले. म्हणून ‘मैदानावर मृत’ आणि ‘उपचारात मृत’ हे दोन आकडे नेहमी शेजारी ठेव, आणि दोन्हींचा भाजक लिहून ठेव. किरकोळ जखमा होऊन तीन दिवसांत ड्युटीवर परतलेले भाजकात घेतले की कुठलंही रुग्णालय उत्तम दिसतं.

2001 ते 2011 मधल्या 4,596 अमेरिकी सैनिकांच्या मृत्यूंची छाननी झाली, तेव्हा सुमारे 87 टक्के शल्यगृह गाठण्याआधीच गेलेले निघाले. त्यांतले साधारण चौथाई वाचण्याजोगे होते, आणि या वाचण्याजोग्यांपैकी दहात नऊ रक्तस्रावाचे. तुझं संशोधन रेजिमेंटल एड पोस्टवर, म्हणजे पलटणीच्या प्रथमोपचार ठाण्यावर, सुरू व्हायला हवं ते यासाठी. हात-पायांच्या रक्तस्रावात टूर्निके, म्हणजे रक्त थांबवायचा आवळपट्टा, शॉक येण्याआधी (रक्तदाब कोसळण्याआधी) बांधला तर सुमारे 90 टक्के जगले, शॉकनंतर बांधला तर 10, हे बगदादमधल्या नोंदींवरून दिसलं. तिथेही वाटेत गेलेले सगळे मोजले गेले असतील का, हा प्रश्न तू आता स्वतःच विचारशील, आणि तो विचारायलाच हवा.

माझी सूचना अशी: टूर्निके बांधल्यापासून शस्त्रक्रियेपर्यंतचा काळ आणि त्या हाताचं किंवा पायाचं पुढे काय झालं, यावर पुढच्या काळातल्या रुग्णांचा अभ्यास घे. अडचण एकच आहे, वेळ लिहिलेली नसते. लिहिलेली असली तर सगळ्यांची 0600 किंवा 0630 असते, कारण ती नंतर आठवून टाकलेली असते. म्हणून फॉर्म एका पानाचा ठेव आणि त्यात मोजके रकाने घे: जखम झाल्याची वेळ, टूर्निकेची वेळ, कुणी बांधला, रक्तस्राव आवरणाऱ्या ट्रानेक्सॅमिक अ‍ॅसिडची वेळ, पोहोचतानाचं तापमान. ‘दिलं नाही’ आणि ‘माहीत नाही’ यांना वेगळे चौकोन हवेतच. रिकामी जागा म्हणजे ‘दिलं नाही’ असं धरून अनेक अभ्यास वाया गेले आहेत. वेळेचा रकाना फक्त थिसिससाठी नाही, हे नर्सिंग असिस्टंटला समजावून सांग. ट्रानेक्सॅमिकचा 1 ग्रॅम दहा मिनिटांत, मग 1 ग्रॅम आठ तासांत, आणि सुरुवात जखमेपासून तीन तासांच्या आत. 2010 च्या वीस हजारांवर रुग्णांच्या चाचणीत तीन तास उलटून गेल्यावर दिलेल्या औषधानं रक्तस्रावाचे मृत्यू वाढलेले दिसले. जखमेची वेळ नसेल तर हा निर्णयच घेता येत नाही. कारण कळलं की तो माणूस वेळ मनापासून लिहितो.

तापमानाचं एक सांगतो. घरोघरी असतो तो काचेचा थर्मामीटर 35 अंशांपासून सुरू होतो. उंचावरून आलेल्या, 32 अंशांवर गेलेल्या जखमीची नोंदही त्यावर 35 च होते. गारठा, रक्तातलं आम्ल आणि न गोठणारं रक्त ही तिन्ही एकमेकांना ओढत नेतात, आणि आपण पहिलंच चुकीचं लिहितो. कमी अंश दाखवणारा थर्मामीटर मागवून घे.

आता हाताबद्दल. युद्ध नसतं तेव्हा हे कसब ओसरतं आणि पुढच्या युद्धाचे पहिले जखमी त्याची किंमत मोजतात. ब्रिटिश लष्करी डॉक्टर याला ‘वॉकर डिप’ म्हणतात. तुला रोज गोळीच्या जखमा मिळणार नाहीत. हायवेवरच्या अपघातांतले चिरडलेले पाय मिळतील, त्यांवर हात बसव.

पोटरीच्या फॅशिओटॉमीपासून, म्हणजे सुजलेल्या स्नायूंभोवतीचं घट्ट आवरण (फॅशिया) चिरून दाब उतरवण्यापासून, सुरुवात कर, कारण ती सोपी समजली जाते. स्नायूंचे कप्पे चार, छेद दोन. बाहेरचा छेद टिबियाची (नडगीच्या हाडाची) धार आणि फिब्युला (बाजूचं बारीक हाड) यांच्या मधोमध, वरपासून खालपर्यंत लांब. इथे बहुतेकांचं चुकतं ते असं: छेद मागे सरकतो, फॅशिया उघडतो, स्नायू बाहेर येतो, समाधान वाटतं, आणि उघडलेला असतो फक्त बाजूचा कप्पा. पुढचा तसाच आवळत राहतो. म्हणून आधी फॅशियावर आडवा छोटा छेद घे, दोन कप्प्यांमधला पडदा बोटानं चाचप, मग त्याच्या पुढे आणि मागे असे दोन उभे छेद दे. खालच्या तिसऱ्या भागात वरवरची पेरोनियल नस (मज्जातंतू) फॅशियातून बाहेर येते, तिथे कात्रीचं टोक नसेपासून दूर ठेव. आतला छेद टिबियाच्या मागच्या कडेपासून दोन सेंटिमीटर मागे, सॅफेनस शीर सांभाळून. मागचा उथळ कप्पा लगेच उघडतो. खोल कप्प्यासाठी सोलियस (पोटरीचा आतला स्नायू) टिबियावरून सोडवावा लागतो. मागची टिबियल धमनी आणि नस डोळ्यांनी दिसली, तरच तो उघडला असं लिही. इराक-अफगाणिस्तानातून जर्मनीतल्या लांडस्टूलच्या अमेरिकी लष्करी रुग्णालयात आलेल्या 336 जखमींच्या नोंदीत पुन्हा फॅशिओटॉमी करावी लागलेल्यांत 20 टक्के दगावले, इतरांत 4, आणि सुटलेले कप्पे मुख्यतः पुढचा आणि मागचा खोल. शवावर प्रत्येक पायरीला कप्प्याचं नाव मोठ्यानं म्हणत कर. नाव अडलं की हात थांबव.

जखम साफ करताना त्वचेबाबत कंजूष राहा, कडेची एक-दोन मिलिमीटर पुरे. स्नायूबाबत मात्र हात आखडू नकोस. रंग, घट्टपणा, चिमट्यानं आकुंचन, कापल्यावर रक्त, हे चारही बघ. छेद अवयवाच्या लांबीत वाढव, फॅशिया सैल कर, भरपूर सलाइननं धू आणि उघडी ठेव. टाके चौथ्या-पाचव्या दिवशी. ड्रेसिंग सैल आणि जाड असावं. बूच मारल्यासारखा गॉझ कोंबला तर पू आतच साचतो. सुरुंगात स्फोट माती आणि बुटाचे तुकडे स्नायूंच्या मधून वर ढकलतो. सोलियस खूप वरपर्यंत मळलेला असतो, गॅस्ट्रोक्नेमियस (पोटरीचा वरवरचा स्नायू) बऱ्याचदा वाचतो. म्हणून बाहेरून दिसणाऱ्या रेषेवर पाय सरळ कापू नये. तो स्नायू राखून त्यानं टिबियाचं टोक झाकता येतं आणि गुडघ्याखाली लांबी मिळते. ती लांबी किती मोलाची, हे बघायला लांब जायला नको. पुण्याच्या वानवडीत 1944 पासून कृत्रिम अवयव केंद्र आहे. तिथे दुपारभर बस आणि सॉकेट (कृत्रिम पायाची खोबण) कुठल्या ठुंठावर (कापून उरलेल्या पायावर) बसत नाही, ते कारागिरांना विचार. तुझ्या अभ्यासाचा शेवट डिस्चार्जच्या तारखेला होऊ देऊ नकोस. सहा महिन्यांनी माणूस किती चालतो, हा रकाना तिथेच भरला जाईल.

परवानग्यांचं थोडक्यात: आधी नीतिसमितीची मंजुरी, मग पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआयवर (देशातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीत) नोंदणी; 1 एप्रिल 2018 पासून तिथे मागाहून नोंदणी होत नाही. संमती मात्र तू स्वतः घेऊ नकोस. खांद्यावर रँक असलेल्या डॉक्टरनं विचारलं की जवानाला तो हुकूम वाटतो. उपचारात नसलेल्या, त्याच्या भाषेत बोलणाऱ्या माणसाला पाठव, आणि ‘नाही’ म्हटल्यानं उपचार बदलणार नाहीत हे पहिल्याच वाक्यात सांगायला लाव.

पुढच्या महिन्यात सिनॉप्सिस (थिसिसचा आराखडा) द्यायचा आहे. त्याआधी कोरा फॉर्म दहा जुन्या केसशीटवर भरून बघ. जे रकाने दहापैकी सहा वेळा रिकामे राहतील, त्यांवर लाल खूण कर आणि तो कागद घेऊन ये. विषयाचं शीर्षक आपण त्यानंतर ठरवू.