आपल्याला ऐकू न येणाऱ्या आवाजाची तक्रार

प्रश्न : आम्ही ठाण्यात दुसऱ्या मजल्यावर राहतो. खालची भटकी कुत्री रात्रभर भुंकतात म्हणून समोरच्या विंगमधल्या काकांनी गॅलरीच्या कठड्याला कुत्रे पळवणारं अल्ट्रासॉनिक यंत्र बसवलंय. तेव्हापासून आमची मांजर गॅलरीत पाय ठेवत नाही आणि दोन्ही गिनीपिग गवताखाली दडून असतात. पोलिसांत जाऊ का?

उत्तर : आज नको. गेलात तर फार तर एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून घेतील. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या (१९६०) कलम ११ मध्ये प्राण्याला विनाकारण वेदना देणं हा गुन्हा आहे, पण तो अदखलपात्र, म्हणजे न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत, आणि पहिल्या खेपेचा दंड १० ते ५० रुपये. पन्नास रुपयांत आज दोन वडापाव येतात.

ध्वनिप्रदूषणाचा अर्जही करू नका. २००० च्या नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे खरी, पण ती मोजतात माणसाच्या कानाला बेतलेल्या 'ए' श्रेणीवर. आपल्याला २०,००० हर्ट्‌झपर्यंत ऐकू येतं. ही यंत्रं त्याच्या वर चालतात. कुत्र्याचा पल्ला याच्या दुपटीहून जास्त, मांजराचा साठ हजारांच्या पुढे. म्हणजे कुत्र्यांसाठी आणलेलं यंत्र तुमच्या मांजरीला लख्ख ऐकू येणार आणि मीटरला त्याचा पत्ताही लागणार नाही.

तुमची खरी बाजू दिवाणी कायद्यातल्या उपद्रवाची. तिथे समोरचा वकील म्हणेल, तुमची जनावरंच नाजूक, आमचा काय दोष? इंग्लंडमध्ये १९३६ साली 'हॉलिवुड सिल्व्हर फॉक्स फार्म विरुद्ध एमेट' खटल्यात कोल्हे पाळणाऱ्याच्या शेजाऱ्याने विणीच्या दिवसांत स्वतःच्याच जमिनीवरून बंदुकीचे बार काढायला लावले होते. कोल्हे बुजरे असल्याचा बचाव टिकला नाही, कारण बार मुद्दाम काढले होते. मनाईहुकूम मिळाला. आपल्या न्यायालयांवर हा निकाल बंधनकारक नाही, पण युक्तिवादाला उपयोगी पडतो.

काकांचा हेतू तसा दिसत नाही. तो आवाज त्यांनाही ऐकू येत नाही, त्यामुळे मांजरीचे हाल त्यांच्या गावीही नसतील. म्हणून आधी पत्र. ते मिळालं की 'मला कुठे ठाऊक होतं' म्हणायची सोय संपली.

पत्राआधी आठवडाभर पुरावा गोळा करा. अशा बऱ्याच यंत्रांवर चालू झाल्यावर बारीक दिवा लागतो. मोबाइल असा ठेवा की तो दिवा आणि मांजर एकाच चित्रात येतील. कान मागे पडून ती उठून गेली तर वेळ वहीत टिपा. मूळ चित्रण पुसू नका, पुढे भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (पुराव्याच्या कायद्याच्या) कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र जोडावं लागेल. मांजरीचे कान डॉक्टरांकडून तपासून घ्या; आत किडे निघाले तर दावा तिथेच संपला. आणि सरकत्या काचा दोन दिवस बंद ठेवून पाहा. इतक्या उंच पट्टीचा आवाज काचेतून फारसा येत नाही. गिनीपिग गवताबाहेर आले तर तेही लिहून ठेवा. 'मग काचा कायम बंदच ठेवा' हे मात्र मान्य करू नका, ठाण्याच्या उकाड्यात तर नाहीच.

पत्रात काकांच्या झोपमोडीचाही उल्लेख करा, तीही खोटी नाही. मागणी साधी ठेवा : यंत्र काढा, निदान त्याचं तोंड खाली वळवा, कुत्र्यांच्या निर्बीजीकरणासाठी महापालिकेकडे आपण दोघं मिळून अर्ज करू. एक प्रत सेक्रेटरींना द्या. शेजाऱ्याला उपद्रव होईल असं काही करू नये हे सोसायटीच्या आदर्श उपविधींतही आहे. पंधरा दिवसांत काही झालं नाही तर वकिलाची नोटीस, मग दिवाणी न्यायालयात तात्पुरत्या मनाईचा अर्ज.

पत्र हातात देऊन पोच घ्या. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका.