संयुक्त राष्ट्रांतील इंटर्नशिप : खर्च आणि पुढची वाट

प्रश्न : मी पुण्यात राज्यशास्त्रात एम.ए. करत आहे. संयुक्त राष्ट्रांत इंटर्नशिप मिळाल्यास खर्च कोण करते? पुढे तिथेच नोकरी मिळते का?

उत्तर : संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयातील इंटर्नशिपला वेतन नसते, प्रवास, निवास आणि विमा यांचा भार उमेदवारावरच पडतो, आणि त्यामुळे सामान्य घरांतील हुशार मुले मागे राहतात, हे मला अन्यायकारक वाटते. म्हणून तुम्ही आधी संयुक्त राष्ट्रांचीच विशेष संस्था असलेल्या, जिनिव्हातील आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेकडे अर्ज करावा, कारण ती विद्यावेतन देते. इंटर्नशिपमुळे नोकरीचा हक्क मिळत नाही. त्यासाठी ‘यंग प्रोफेशनल्स प्रोग्रॅम’ ही स्वतंत्र स्पर्धा परीक्षा असून तिला ३२ वर्षांची वयोमर्यादा आहे. ज्या देशांच्या नागरिकांना ही परीक्षा देता येते, त्यांच्या त्या वर्षीच्या यादीत भारत आहे का, हे मात्र अर्जापूर्वी पाहावे.