ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी कथाकाराच्या नावाने घरच्यांनी काढलेली संस्था नेमकं काय करते? देणगी द्यावी का?

मेलबर्नला राहतो, अशा एक-दोन संस्थांना थोडीफार देणगीही देतो, म्हणून लिहितो. तुम्ही विचारलंय ती संस्था मला माहीत नाही. आर्ची रोच यांच्या संस्थेवरून सांगतो.

आर्ची म्हणजे ऑस्ट्रेलियातले आदिवासी गायक, गाण्यातून गोष्ट सांगणारा माणूस. लहान असतानाच सरकारने त्यांना फ्रॅमलिंगहॅमच्या आदिवासी वस्तीतून उचलून परक्या घरी वाढवायला दिलं. शाळेत असताना एके दिवशी मर्टल नावाच्या बहिणीचं पत्र आलं. अशी कुणी बहीण आहे हेच त्यांना ठाऊक नव्हतं, आणि पत्रात बातमी होती ती आई वारल्याची! पुढे 1990च्या ‘चारकोल लेन’ अल्बममध्ये त्यांनी मुलं पळवून नेल्याची हीच कहाणी गायली. अशी आदिवासी मुलं उचलून नेल्याबद्दल सरकारने संसदेत माफी मागितली ती 2008 साली.

संस्था त्यांनी हयातीतच सुरू केली होती. नव्या आदिवासी कलाकारांना हात देणं हे तिचं मुख्य काम. स्वतः आर्ची कोठडीतल्या पोरांना भेटायला जायचे, त्यांच्यासमोर गायचे. नुसते पुतळे आणि पुरस्कार यांत पैसा घालण्यापेक्षा मला हे लाखपट मोलाचं वाटतं.

घरच्यांचा अधिकार कुठे चालतो, हे आपल्याकडच्या माणसाला चटकन कळत नाही. इथल्या अनेक आदिवासी समाजांत वारलेल्या माणसाचं नाव काही काळ घेत नाहीत, फोटो दाखवत नाहीत. 2017 मध्ये एल्को बेटाचे गायक गुरुमूल वारले, तेव्हा वर्तमानपत्रांनी ‘डॉ. जी. युनुपिंगू’ एवढंच छापलं होतं. 2022 मध्ये आर्ची गेले, तेव्हा नाव, छायाचित्र आणि संगीत वापरायची परवानगी त्यांच्या मुलांनी दिली, हेतू हा की वारसा पुढे चालावा.

शिवाय परंपरेने आलेली गोष्ट एकट्या कथाकाराची नसते, कुळाची असते. कॉपीराइटच्या कायद्यात ही सामूहिक मालकी नीट बसत नाही. त्यामुळे कोणती गोष्ट बाहेर सांगायची, कोणती नाही, हे त्या कुळातले जाणतेच ठरवतात. संस्थेच्या विश्वस्तांत त्या समाजाची माणसं आहेत का, हे मी सगळ्यात आधी बघतो. नुसतं आडनाव जुळून भागत नाही.

देणगीआधी ‘एसीएनसी’ या सरकारी नोंदणी मंडळाच्या संकेतस्थळावर संस्थेचं नाव टाका. बऱ्याच संस्थांचे ताळेबंद तिथे फुकट बघायला मिळतात. करसवलतीसाठी संस्थेला ‘डीजीआर’ दर्जा आहे का ते वेगळं तपासा. तो असेल तर 2 डॉलरपासून पुढच्या देणगीवर ऑस्ट्रेलियात सवलत मिळते. भारतात कर भरत असाल तर मात्र 80जीचा फायदा मिळणार नाही, ते धरूनच रक्कम ठरवा.