सोळा क्रेडिट तुझ्या हातातले

प्रिय,

तुझा मेसेज आणि विषयांच्या यादीचा फोटो मिळाला. फोटो तिरका होता, पण वाचता आला. "सर, मला पर्यावरणाच्या पॉलिसीत, म्हणजे धोरणं आखण्याच्या कामात जायचंय, मग संख्याशास्त्र आणि लॅबचं झेंगट कशाला?" हा तुझा प्रश्न. फोनवर सांगितलं असतं, पण तू 'हो सर, हो सर' करून सोडून देशील. म्हणून लिहितोय.

आधी हिशेब. नव्या शैक्षणिक धोरणात आपल्याकडे दोन वर्षांच्या एम.एससी.ला 88 क्रेडिट, म्हणजे सत्राला 22. त्यातले 54 'मेजर मँडेटरी', तिथे तुझं काही चालत नाही. 4 रिसर्च मेथडॉलॉजीचे, 4 ऑन जॉब ट्रेनिंग किंवा फील्ड प्रोजेक्टचे, 10 रिसर्च प्रोजेक्टचे. उरले 16, दर सत्राला चार. हे इलेक्टिव्हचे, म्हणजे तू निवडायच्या विषयांचे. बहुतेक मुलं ते कसे निवडतात ठाऊक आहे ना? मार्क कशात सुटतात आणि मैत्रीण कुठल्या वर्गात बसते, यावर.

तू वनस्पतिशास्त्राची. झाडं ओळखतेस, कायद्यावर तावातावाने बोलतेस, आणि रसायन किंवा आकडे निघाले की चहा आणायला उठतेस. माझं म्हणणं असं की हे 16 क्रेडिट चहा आणायला उठतेस त्या विषयांत घाल. पॉलिसीसाठीच घाल.

का, ते दाखवतो. भोपाळच्या दुर्घटनेनंतर 1986 साली पर्यावरण संरक्षण कायदा आला. त्याखालच्या नियमांच्या परिशिष्टात नदीत सोडायच्या सांडपाण्याची मर्यादा आहे: बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जंतू जेवढा ऑक्सिजन खातात तो, लिटरला 30 मिलिग्रॅमपर्यंत. त्या आकड्याला चिकटून आणखी काही छापलंय, '27 अंश सेल्सिअसला 3 दिवस'. जुन्या पुस्तकांत ही चाचणी 20 अंशांना 5 दिवसांची असते. आपल्या हवेत 27 अंश सोयीचे, आणि तीन दिवसांत साधारण तेवढंच काम होतं. म्हणजे बघ, कायद्याच्या ओळीत इन्क्युबेटरचं तापमान बसलंय. लॅब न केलेला माणूस ती ओळ वाचतो, पण त्याला दिसतो फक्त 30.

ही चाचणी स्वतःच्या हातानं कर. 300 मिलीची बाटली, काचेचं तिरकं कापलेलं बूच. आत एक बुडबुडा राहिला तरी आकडा खोटा. मँगनीज सल्फेट घालायचं, मग अल्कली-आयोडाइड-अझाइड. तपकिरी साका बसला तर पाण्यात ऑक्सिजन आहे, पांढरा बसला तर नाही. शहराखालच्या एका नाल्याचा साका मी दुधासारखा पांढरा बघितलाय, तो विसरत नाही. पुढे आम्ल, मग थायोसल्फेट. रंग फिका पिवळा झाला की स्टार्च टाकायचा, सगळं निळं होतं, आणि एका थेंबाला ते निळं जातं. तो थेंब चुकला की पुन्हा पहिल्यापासून.

आता एक गोष्ट, कुणाला न सांगितलेली. एम.एससी.ला असताना मी पाच दिवसांच्या चाचणीच्या बाटल्या सोमवारी ठेवल्या. पाचवा दिवस शनिवार. लॅबला कुलूप, किल्ली ज्यांच्याकडे ते गावाला. बाटल्या उघडल्या पुढच्या सोमवारी, म्हणजे सातव्या दिवशी. आकडा आला तो लिहिला आणि वर 'पाच दिवस' असंच ठेवलं. जर्नलवर सहीही झाली. तेव्हापासून कुठल्याही अहवालात बीओडी दिसला की मी आधी नमुना कोणत्या वारी घेतला ते बघतो. तीन दिवसांच्या चाचणीत बुधवार आणि गुरुवार संशयास्पद.

संख्याशास्त्राचंही तेच. नदीचे बारा महिन्यांचे बारा आकडे घे आणि सरासरी काढ. मे महिना गायब होतो, आणि मासे मरतात ते मे महिन्यात. सरासरी कुठे काढायची आणि कुठे नाही एवढं कळलं तरी त्या पेपरचे पैसे वसूल.

जीआयएस, म्हणजे संगणकावरचं नकाशांचं काम, मात्र सोडूच नकोस. पश्चिम घाट कसा राखायचा हे सांगायला सरकारनं नेमलेल्या गाडगीळ समितीनं 2011 मध्ये साधारण 9 किलोमीटर बाय 9 किलोमीटरचे चौकोन आखून सगळाच पश्चिम घाट संवेदनशील मानला आणि त्याचे तीन स्तर केले. त्यानंतरच्या कस्तुरीरंगन समितीनं 2013 मध्ये गाव हे एकक धरलं आणि सुमारे 37 टक्के क्षेत्र संवेदनशील ठरवलं. डोंगर तेच. भांडण राजकारणाचं होतं, नाही म्हणत नाही, पण निम्मं भांडण एककाचं होतं, आणि त्यावर बोलायला नकाशा वाचता यावा लागतो.

अर्थशास्त्राचा एखादा पेपर असेल तर घे. नसेल तर अडत नाही.

ऑन जॉब ट्रेनिंगला पीपीटी करायला लावणारं एसी ऑफिस नको. सांडपाणी प्रक्रिया केंद्र मिळालं तर उत्तम, वासाची सवय आठवड्यात होते. आणि 2006 च्या ईआयए, म्हणजे प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल ते तपासायच्या, अधिसूचनेनुसार होणारी एखादी जनसुनावणी गाठ. तिची सूचना निदान 30 दिवस आधी निघते, त्यामुळे सवड मिळते. जाण्याआधी मराठी सारांश आणि मूळ इंग्रजी अहवाल शेजारी ठेवून वाच. सारांशातलं मराठी वाचून हसू येईल. मग आठवेल की गावकऱ्यांच्या हातात तेवढंच दिलेलं असतं, आणि हसू जाईल.

प्रोजेक्टचे 10 क्रेडिट तिसऱ्या आणि चौथ्या सत्रात, 4 आणि 6 असे. सगळे तिसऱ्या सत्रात विषय शोधायला लागतात, तोवर पाऊस सुरू होऊन नदी धुऊन निघालेली असते. तू नदीवर काम करणार असशील तर विषय दुसऱ्या सत्रातच ठरव आणि पहिला नमुना मे महिन्यात घे. सुट्टी बुडेल. आईला मी समजावतो.

यादीवर पेन्सिलनं खुणा केल्यात, फोटो पाठवतो. माझाही तिरकाच येईल.

सर