बिल्टी ज्याच्या नावाची, जबाबदारी त्याची

प्रश्न : नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत आमचा इलेक्ट्रिकल पॅनेलचा कारखाना आहे. १२ सप्टेंबरला ४ लाख ८० हजारांची पॅनेल्स इंदूरला पाठवली, भाडं १४ हजार. धुळ्याला आम्हाला न विचारता गाडी बदलली, दुसऱ्या गाडीची ताडपत्री फाटकी होती आणि माल भिजला. ग्राहकाने माल मिळाल्याच्या पोचेवर ‘पेट्या ओल्या’ असा शेरा मारून माल परत केला. ट्रान्सपोर्टर म्हणतो, “बिल्टीवर (माल घेतल्याच्या पावतीवर) ‘मालकाच्या जोखमीवर’ छापलंय. मी नुसता दलाल, गाडी दुसऱ्याची. फार तर भाडं सोडतो.” वर जुन्या बिलांसाठी आमची दुसरी खेप त्याने आडगावच्या गोदामात अडवली आहे. ऑर्डरी वाढताहेत, म्हणून आता वर्षभराचा करार करायचा आहे. एक ट्रान्सपोर्टर स्वस्त आहे, पण मिळेल त्याच्या नावाची बिल्टी फाडतो. दुसरा महाग आहे, पण सगळं लेखी द्यायला तयार आहे. कोणाला धरावं?

उत्तर : ताई, आधी नोटीस, मग नवा करार. रस्त्याने होणाऱ्या मालवाहतुकीला २००७ चा ‘कॅरेज बाय रोड’ कायदा लागू आहे. माल हरवला किंवा खराब झाला, तर बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत वाहतूकदाराला लेखी नोटीस मिळायला हवी. ती नसेल तर दावाच लावता येत नाही. हे दिवस माल पोचल्यापासून किंवा ग्राहकाने परत केल्यापासून मोजत नाहीत, बिल्टीच्या तारखेपासून मोजतात. तुमची मुदत मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात संपते. “बघू, करू” असं ऐकत बसलात तर ती हातची जाईल. फोन आणि व्हॉट्सअ‍ॅपवर विसंबू नका. नोटीस स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह पाठवा. बिल्टी, बिल, ई-वे बिल (जीएसटीखालचा मालवाहतुकीचा ऑनलाइन परवाना), ओल्या पेट्यांचे फोटो आणि शेरा मारलेली पोच यांच्या प्रती जोडा. इंदूरच्या ग्राहकाने तो शेरा मारला म्हणून तुमची बाजू भक्कम आहे. नुसती ‘माल मिळाला’ अशी सही झाली असती, तर माल वाटेतच भिजला हे पटवणं फार जड गेलं असतं.

‘मी दलाल’ ही सबब चालणार नाही. या कायद्यातल्या वाहतूकदाराच्या व्याख्येत एजंट आणि ब्रोकरही येतात, आणि तुम्ही पाठवलेल्या फोटोत बिल्टी त्याच्याच नावाची दिसते. गाडी कोणाची होती, हे त्याने आणि गाडीमालकाने आपसात बघावं. ‘मालकाच्या जोखमीवर’ या छापील ओळीचंही भय बाळगू नका. ती असली तरी आपली चूक नव्हती हे सिद्ध करण्याचा भार वाहतूकदारावरच राहतो, असं सर्वोच्च न्यायालयाने जुन्या १८६५ च्या कायद्याखाली २००० सालीच सांगितलं. नव्या कायद्यातही त्याचा निष्काळजीपणा तुम्ही सिद्ध करायचा नसतो.

आता कटू भाग. या कायद्याखालच्या २०११ च्या नियमांप्रमाणे वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंतच असते, तीही तुम्ही जाहीर केलेल्या किमतीच्या आत. १४ हजारांच्या भाड्यावर ती १ लाख ४० हजार होते. उरलेले ३ लाख ४० हजार तुमच्या अंगावर. जास्त जोखमीचा वाढीव दर लेखी ठरवून भरला असेल, तरच ही मर्यादा उठते. मालाची किंमत फॉरवर्डिंग नोटमध्ये, म्हणजे मालासोबतच्या माहितीपत्रात, लिहायची असते आणि ती नोट माल पाठवणाऱ्याने द्यायची असते. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच कारखानदारांनी हा कागद कधी भरलेलाच नसतो, याचं मला खरोखर वाईट वाटतं. वाहतूक विमा असेल तर कंपनीला आजच कळवा आणि तिच्या संमतीशिवाय ट्रान्सपोर्टरशी तडजोड करू नका. तुमचा त्याच्यावरचा हक्कच सुटला, तर विमा कंपनी दाव्यात अडचण काढेल.

अडवलेल्या खेपेचं वेगळं पत्र द्या. त्या खेपेच्या स्वतःच्या भाड्यासाठी तो माल थांबवू शकतो. मागच्या बिलांसाठी मात्र नाही, कारण करार कायद्याच्या कलम १७१ मधला सर्वसाधारण धारणाधिकार, म्हणजे कुठल्याही थकबाकीसाठी माल अडवून ठेवण्याचा हक्क, बँकर वगैरे मोजक्यांनाच आहे. इतरांना तो करारात स्पष्ट लिहिलेला असेल तरच मिळतो. म्हणून त्या खेपेचं भाडं देऊ करा, तसं लेखी कळवा आणि माल मागा. बिल्टीच्या मागचा बारीक मजकूर मात्र आधी वाचून घ्या.

प्रकरण कोर्टात गेलं तर ग्राहक आयोगाचा रस्ता तुम्हाला बहुधा बंद आहे, कारण सेवा व्यापारासाठी घेतलेली आहे. दावा ३ लाख किंवा त्याहून जास्त असेल तर व्यापारी न्यायालय, आणि तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल तर त्याआधी मध्यस्थी सक्तीची.

नव्या करारासाठी मी दुसऱ्या, महागड्या ट्रान्सपोर्टरलाच धरा म्हणेन. स्वस्त कोटेशनमध्ये जे वाचतं ते इंदूरच्या एका खेपेत गेलंय. आणि ‘मिळेल त्याची बिल्टी’ म्हणजे नुकसान झाल्यावर नोटीस कोणाला द्यायची, याचाच पत्ता नाही. पण दुसऱ्यालाही तपासल्याशिवाय सही करू नका. या कायद्याखालचं त्याचं नोंदणी प्रमाणपत्र बघा. प्रत्येक खेपेची बिल्टी त्याच्याच नावाची राहील, तुमच्या लेखी परवानगीशिवाय वाटेत गाडी बदलणार नाही, आणि बदललीच तर ई-वे बिलाच्या भाग ‘ब’मध्ये नवा गाडी नंबर लगेच भरला जाईल, हे करारात घाला. गाडी नंबर जुळला नाही तर जीएसटीवाले माल अडवतात, आणि सोडवायला मालकाला पळावं लागतं. जुन्या बिलांसाठी माल न अडवण्याची अट घ्या. ‘फक्त मुंबई न्यायालय’ अशी छापील ओळ असेल तर तिथे नाशिक करून घ्या, नाहीतर प्रत्येक तारखेला कसारा घाट उतरावा लागेल.

महागड्या पॅनेल्ससाठी वाढीव दर घ्यायचा की वर्षभराची खुली विमा पॉलिसी (सगळ्या खेपांना मिळून एकच), हे दोन्ही आकडे समोर ठेवून ठरवा. तुमच्यासारख्या नेहमीच्या खेपांना मला पॉलिसी बरी वाटते. मसुदा त्याच्याकडून मागवा, पण सही करण्याआधी वकिलाला दाखवा. नोटीस मात्र या आठवड्यातच गेली पाहिजे.