पैसे पेटीत वाचवा, स्टेमध्ये नको

प्रश्न: रॉयल एनफिल्डची हिमालयन ४११ बाइक आहे, दिवाळीनंतर बायकोसोबत कोकणातून गोव्याला जायचंय. ब्रँडेड अॅल्युमिनियम पॅनियर (मागे दोन्ही बाजूंना लावायच्या सामानाच्या पेट्या) परवडत नाहीत, भोसरीत फॅब्रिकेटरकडून करून घेऊ का? – एक वाचक, कोथरूड

उत्तर: घ्या की, बिनधास्त. पत्रा दीड मिलिमीटरचा तरी सांगा, झाकणाला रबर गॅस्केट पाहिजेच. पेटी घरी आली की आत जुना पेपर अंथरायचा, झाकण लावून पाइपने पाच मिनिटं पाणी मारायचं, पेपर जिथे ओला तिथे गळती, तशीच परत न्यायची. स्टेमध्ये (पेटी ज्यावर बसते त्या, गाडीला बोल्टने लावलेल्या फ्रेममध्ये) मात्र कंजूषी नको, सगळा भार आणि खड्ड्यांचे दणके तोच खातो, दोन्ही बाजूंचे स्टे मागून आडव्या पट्टीने जोडलेले हवेत नाहीतर हलून हलून बोल्ट तुटतो (माझा वरंधा घाटात तुटला, पेटी सुतळीने सीटला बांधून भोर गाठलं, बायको अजून ऐकवते). नायलॉक नट (आत नायलॉनची रिंग असलेले, सहज ढिले न होणारे) वापरा, शंभरेक किलोमीटरनंतर परत आवळा. सायलेन्सर उजवीकडे, म्हणून ती पेटी जरा अरुंद करा. आणि वहिनींना मागे बसवून, टाच पेटीला लागत नाही ना ते बघून मगच पेटीला भोकं पाडा.